१८ क्वार्टचा रोस्टर, दहा महिने आणि ते झाकण

गेल्या वर्षी थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे अमेरिकेतल्या टर्कीच्या सणाच्या, आधीच्या सोमवारी रात्री आमच्या गॅस ओव्हनचा इग्नायटर (गॅस पेटवणारा भाग) गेला. वरचे चारही बर्नर ठणठणीत, खालची भट्टी गारठलेली. फ्रिजमध्ये १४ पौंडांची टर्की वितळायला ठेवून एक दिवस झालेला. ही टर्की फुकटची. ठरावीक मुदतीत चारशे डॉलरची खरेदी केली की आमचं किराणा दुकान एक गोठलेली टर्की देतं, आणि मी ऑक्टोबरपासून पावत्या जपत बसलो होतो. फुकट मिळालेलं वाया घालवणं आमच्या घराण्यात बसत नाही.

दुरुस्तीवाल्यांना फोन केला. माणूस पुढच्या आठवड्यात येणार, आणि नुसतं येऊन बघायचे १२९ डॉलर. सामान वेगळं, मजुरी वेगळी. म्हटलं, बघायचेच पैसे असतील तर मीच बघतो.

आमच्या साडेसात लिटरच्या कुकरमध्ये टर्कीचे पाय बाहेर राहिले. शेजारचा गोरा दरवर्षी अंगणात टर्की तळतो, तो म्हणाला माझा फ्रायर घेऊन जा. पण त्याला तीन गॅलन शेंगतेल लागतं. कोल्हापुरात तेवढ्यात आमच्या आईची अख्खी दिवाळी निघायची. शिवाय पोटात जरा बर्फ राहिला तर त्याची वाफ होऊन तेल उसळतं, बर्नरवर सांडतं आणि भडका उडतो. नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशन हे फ्रायर वापरूच नका म्हणते, उगाच नाही. शेवटी मंगळवारी ६४ डॉलरना हा इलेक्ट्रिक रोस्टर, म्हणजे ओट्यावर ठेवायचा झाकणवाला भाजायचा डबा आणला. १२९ पेक्षा ६४ कमी, विषय संपला.

१८ क्वार्ट (साधारण १७ लिटर), १४५० वॉट वगैरे तुम्ही खोक्यावर वाचलंच असेल. मला बोलायचंय झाकणाबद्दल.

या रोस्टरची कॉइल चारी बाजूंच्या भिंतींतून फिरते. वर काहीही नाही, फक्त पत्र्याचं झाकण. मांसातून निघालेली वाफ झाकणाला लागते, पाणी होते आणि टपटप परत टर्कीच्या छातीवर पडते. याला खोक्यावर ‘सेल्फ-बेस्टिंग’ (आपलाच रस आपल्यावर शिंपडणं) म्हटलंय! म्हणजे घर गळतंय आणि घरमालक सांगतोय, नळाची सोय आहे. ओव्हनमधल्या टर्कीची कातडी तांबूस, कुरकुरीत होते कारण हवा कोरडी असते. इथे ती हळदीच्या आदल्या दिवशीच्या नवरदेवासारखी फिकट आणि घामेजलेली. बरं, ओव्हन असता तर शेवटची दहा मिनिटं ब्रॉयलरखाली, म्हणजे ओव्हनच्या वरच्या थेट आचेखाली धरली असती. पण ओव्हन असता तर हा डबा आणलाच कशाला असता?

आणि झाकण उचललं की ठेवायचं कुठे? अडकवायला हूक नाही. उलटं ठेवलं तर डुलतं, सुलटं ठेवलं तर ओट्यावर पाण्याचं तळं. एकदा मी ते पाणी वाटीत धरून मोजलं. पाऊण वाटी भरलं. बायको म्हणाली, “अहो, मोजताय काय? पुसा ना आधी.”

त्या दिवशीची आणखी एक गंमत. दुपारी पाहुणे आल्यावर बायकोने चहासाठी इलेक्ट्रिक किटली लावली. आमच्या ओट्याची लाइन २० अँपची, म्हणजे १२० व्होल्टला २४०० वॉट. किटली १५०० ची. ब्रेकर पडला. दिवे वेगळ्या लाइनवर, त्यामुळे कोणाच्या लक्षात येईना. मांसात खुपसलेल्या थर्मामीटरचा आकडा ११८ फॅरनहाइटवर का अडलाय, हे बघायला गेलो तेव्हा कळलं. सुमारे वीस मिनिटं वाया गेली. रोस्टरची वायर आखूड, एक्स्टेन्शन लावू नका असं माहितीपुस्तकात ठळक छापलेलं. तेव्हा किटली गेली बाथरूमजवळच्या प्लगवर आणि पाहुण्यांचा चहा तिथूनच आला.

३२५ वर नॉब ठेवून सगळं मिळून तीन तास दहा मिनिटं लागली. छातीच्या जाड भागात आणि मांडीच्या आतल्या बाजूला १६५ झालं की टर्की शिजली, बाकी टर्कीत आधीच खोचलेल्या, शिजली की वर येणाऱ्या पॉप-अप बटणावर विश्वास ठेवू नका. आणि मांस? आता खरं सांगतो, इतकी मऊ टर्की मी अमेरिकेत अठरा वर्षांत खाल्लेली नाही. एरवी ब्रेस्ट पीस म्हणजे भुसा, ग्रेव्हीशिवाय घशाखाली उतरत नाही. इथे सुरी लावली की रस सुटत होता. पण ताटात पाहुण्यांची नजर पहिली जाते ती त्या पांढऱ्याफटक कातडीवर. दोन तारे.

वरचं सगळं मी डिसेंबरात लिहून तसंच ठेवलं होतं. आता सप्टेंबर संपत आलाय आणि दोन ताऱ्यांवर राहता येत नाही.

नाताळला कोंबडी केली. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडीच ठेवली, कातडी कागदासारखी सुकली. मग झाकणाखाली लाकडी डाव अडकवून वाफेला वाट दिली. उष्णताच निघून गेली, पाऊण तास जास्त लागला आणि कातडी होती तशीच. हा उद्योग करू नका. झाकण शेवटपर्यंत बंदच ठेवायचं, दर वेळी उघडलं की वेळ वाढतो.

उपाय मुलीला सुचला. शिजल्यावर कातडी सोलून घ्यायची, तळहाताएवढे तुकडे करायचे, बिडाच्या तव्यावर पसरून वर दुसरं जड भांडं ठेवायचं. तेल घालायचं नाही, तिची चरबीच पुरते. दहा-बारा मिनिटांत पापड. वरून मीठ आणि आमची कांदा-लसूण चटणी. त्या ताटलीकडे बघताना मला झाकणाचा राग आठवेना. (चरबी गाळून ठेवा, बटाटे परतायला उत्तम.) हाडं परत रोस्टरमध्ये पाण्यात रात्रभर ठेवली आणि सकाळच्या स्टॉकमध्ये नारळाचं दूध, तीळ, खसखस घालून पांढरा रस्सा झाला. टर्कीचा पांढरा रस्सा ऐकून कोल्हापूरची आमची आई फोनवर पाच सेकंद गप्प होती.

फेब्रुवारीत मंडळाच्या शिवजयंतीला मिसळीचा कट यातच नेला. नॉब १९० च्या आसपास ठेवला की कट चार तास वाफाळता राहतो. १४० च्या खाली अन्न जाऊ द्यायचं नाही, एवढंच बघायचं. आणि इथे तेच झाकण देवासारखं! कट आटला नाही, पाणी परत कटातच. ज्याला शिव्या घालत होतो त्याच्यामुळे ऐंशी माणसांना शेवटपर्यंत रस्सा पुरला.

गणपतीत मात्र गाडी अडली. प्रसादाच्या दिवशीची बटाट्याची भाजी यात करू म्हटलं तर बायकोने कमरेवर हात ठेवले. “टर्कीच्या भांड्यात?” घासलंय, उकळलंय, काही चाललं नाही. शेवटी आतलं दुसरं भांडं मागवलं. ३१ डॉलर, वर पाठवणीचे ९. म्हणजे ६४ च्या वस्तूवर ४०! त्यावर मी मार्करने ‘शाकाहारी’ लिहिलंय, पहिल्या धुण्यात ‘हारी’ उरलं. झाकण मात्र दोघांना एकच. हे बायकोच्या अजून लक्षात आलेलं नाही, आणि ती हे वाचत नाही असं धरून चाललोय.

एक तक्रार अजून आहे. आतल्या भांड्याचं एनॅमल नाजूक आहे. स्टीलचं उलथनं लावलं आणि कोपऱ्यात टवका उडाला. लाकडीच वापरा.

ओव्हनचा इग्नायटर मी जानेवारीत स्वतःच बदलला. गॅस बंद, प्लग काढला, दोन स्क्रू, २६ डॉलर. भट्टी छान पेटते. परवा बायकोने विचारलं, यंदा टर्की ओव्हनमध्येच ना? मुलगी म्हणाली, मग तव्यावरची कातडी कशी मिळणार? मी काही बोललो नाही. चारशे डॉलरच्या पावत्या जमवायला सुरुवात केलीय. साडेतीन तारे द्यायची सोय नाही, म्हणून चार.