निफाडची थंडी, जाणारी वीज आणि एक छोटे कॅबिनेट

निफाड तालुक्यातील आमच्या गावात सातबारा उतारे, पीकविम्याचे अर्ज आणि झेरॉक्स यांचे छोटे दुकान मी चालवतो. डिसेंबर-जानेवारीत कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील किमान तापमानाची नोंद वर्तमानपत्रांत झळकते, द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटतात आणि नेमक्या याच दिवसांत वीज कधी दहा मिनिटांसाठी, तर कधी दोन तासांसाठी जाते. अशा ठिकाणी संगणकाचे कॅबिनेट, म्हणजे त्याचे आतले भाग बसवायची पेटी, कोणत्या निकषावर घ्यावे, हे मला आधीचे एक कॅबिनेट चुकीचे निवडल्यानंतरच कळले.

ते कॅबिनेट पुढून पूर्ण बंद, एका बाजूला काच आणि आत रंगीत दिव्यांचे चार पंखे अशा थाटाचे होते. दिसायला देखणे होते, आणि मी ते त्यासाठीच घेतले होते, हे मान्य करतो. परंतु वीज गेल्यावर तेच दिवे माझ्या ६०० व्हीए क्षमतेच्या यूपीएसवर (वीज गेल्यावर काही वेळ बॅटरीवर संगणक चालवणाऱ्या उपकरणावर) जळत राहत. दिव्यांसह चार पंख्यांना साधारण दहा-बारा वॅट लागतात असे धरले, तर मॉनिटरसह साठ-सत्तर वॅटमध्ये भागणाऱ्या साध्या संगणकासाठी हा भार लहान नाही. त्यातच यूपीएसमधील शिसे-आम्लाची बॅटरी थंडीत तिच्या नेहमीच्या क्षमतेपेक्षा कमी वीज देते, त्यामुळे अर्धवट भरलेला अर्ज जतन करण्याएवढा अवधीही हिवाळ्यातच अपुरा पडू लागतो.

म्हणून या वेळी कूलर मास्टरचे मास्टरबॉक्स क्यू३००एल घेतले. त्यात मागील बाजूस १२० मिमीचा एकच पंखा येतो, आणि स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड नसलेल्या आमच्या यंत्राला तो पुरतो. ३६० मिमी लांबीचे कार्ड मावण्याची सोय आहे, पण आम्हाला तिचा उपयोग नाही.

मला सर्वांत उपयुक्त वाटली ती बटणांची पट्टी. ती काढून कॅबिनेटवर सहा वेगवेगळ्या ठिकाणी बसवता येते. वीज परत आली की संगणक आपोआप सुरू होण्याची बायॉसमधील (विंडोजच्या आधी चालणाऱ्या संगणकाच्या मूळ प्रणालीतील) सोय मी मुद्दाम बंद ठेवली आहे, कारण आमच्याकडे आलेली वीज दोन मिनिटांत पुन्हा जाते आणि विंडोज सुरू होत असतानाच यंत्र बंद पडते. साहजिकच बटण दिवसातून चार-पाच वेळा दाबावे लागते, आणि ते टेबलाखाली वाकून दाबणे किती जाचाचे असते, हे पाठदुखी असणाऱ्यांना सांगायला नको. अर्थात, वीज गेल्यावर यंत्र चालू ठेवणे हे यूपीएसचे काम आहे. कोणतेही कॅबिनेट ते करत नाही. लेझर प्रिंटर मात्र त्या यूपीएसला कधीही जोडू नये.

थंडीबद्दल लोकांची समजूत बहुधा उलटी असते. सात-आठ अंशांची हवा संगणकाला बाधत नाही; बाधते ते दव. एका सकाळी शटर उघडून शेजारीच चहाचे आधण ठेवले, तेव्हा जुन्या कॅबिनेटच्या गार काचेवर वाफ धरली आणि बोटाने पुसताच ओली रेघ उमटली. आत पत्र्यावरही तसाच ओलावा असणार, हे लक्षात येऊन मी अर्धा तास बटणाला हात लावला नाही. चालू यंत्र सभोवतालच्या हवेपेक्षा उबदार असते, त्यामुळे त्यावर दव धरत नाही. जपायचे असते ते रात्रभर गार पडलेले यंत्र सुरू करताना. चारही अंगांनी हवा खेळणाऱ्या जाळीदार कॅबिनेटमध्ये हा ओलावा लवकर उडून जातो. चहाची शेगडी आता ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गेली आहे.

जाळी म्हटली की धूळ आलीच, आणि आमच्याकडे त्या धुळीत द्राक्षांवरील भुरी रोगासाठी मारलेल्या गंधकाची भुकटीही असते. या कॅबिनेटच्या पुढील, वरील आणि खालील बाजूंच्या चाळण्या चुंबकाने चिकटतात. दर शनिवारी त्या ओढून काढायच्या, रंगाच्या जुन्या ब्रशने झटकायच्या आणि परत लावायच्या. धुतल्याच तर उन्हात पूर्ण वाळवूनच बसवाव्यात.

पारदर्शक बाजू ॲक्रिलिकची असल्याने तिच्यावर कोरडे फडके फिरवले तरी ओरखडे उमटतात, आणि एसएमपीएस (यंत्राला वीज पुरवणारा डबा) झाकणारा आडोसा नसल्यामुळे आतील तारांचा गुंता बाहेरून दिसतो. मी त्या बाजूवर पीकविम्याच्या मुदतीचे पत्रक चिकटवले आहे.