‘निपी’ नीट समजावणारी डिक्शनरी

मी लीड्समध्ये नर्स आहे. इथले म्हातारे पेशंट सकाळी खिडकीबाहेर बघून म्हणतात, ‘बिट निपी टुडे!’ अशा शब्दांसाठी मी ऑक्सफर्डची लर्नर्स डिक्शनरी ऑनलाइन बघते. फुकट आहे, आणि इंग्रजी शिकणाऱ्या परभाषकांसाठीच बनवलेली, ए. एस. हॉर्नबी यांची ही डिक्शनरी ऑक्सफर्डने 1948 मध्ये काढली.

‘निपी’चे दोन अर्थ आहेत. एक चपळ, म्हणजे गर्दीतून सुळकन निघणारी छोटी गाडीसुद्धा निपीच. दुसरा गार. सोबत ‘इन्फॉर्मल’ अशी खूण असते, आणि माझ्या मते तीच सगळ्यात मोलाची. पेशंटशी गप्पा मारताना निपी छान वाटतं, पण रिपोर्टमध्ये ‘कोल्ड’च लिहायचं. ब्रिटिश आणि अमेरिकन, दोन्ही उच्चार ऐकता येतात.

थंडी नेमकी किती, हे मात्र अर्थावरून उमगत नाही. निपी म्हणजे नाकाच्या शेंड्याला झोंबणारा, स्वेटरवर जॅकेट चढवायला लावणारा गारठा. रस्ते गोठले की सहसा ‘फ्रीझिंग’ म्हणतात. हा फरक मला वॉर्डातल्या आजी-आजोबांनीच शिकवला. इकडे नोकरीला येणाऱ्या मुलींनो, ही डिक्शनरी फोनवर उघडून ठेवाच.