गवताच्या छपराची आग विझवायला ९ लिटरचा पाण्याचा सिलिंडर: घ्यावा, पण त्याच्यावरच विसंबू नये

मौदा, रामटेककडच्या शेतघराला किंवा हायवेवरच्या ढाब्याला गवताचं, तणसाचं छप्पर आहे असं सांगितलं, तरी नागपुरातले दुकानदार बहुधा आग विझवायचा ६ किलोचा एबीसी पावडरचा (कोरड्या भुकटीचा) सिलिंडरच पुढे करतात. गॅसच्या, तेलाच्या आगीला तो चांगलाच. छपराला मात्र दाब भरलेला ९ लिटरचा पाण्याचा सिलिंडर उजवा. पावडरने वरची ज्वाळा बसते, पण थराच्या आत धुमसणारं गवत थंड होत नाही. वारा लागला की पुन्हा भडकतं.

पाण्याची धार साधारण ६ मीटर जाते, मिनिटभर पुरते. घोटाळा होतो तो मारण्यात. छप्पर शाकारलेलंच असतं पाणी ओघळून जावं म्हणून; बाहेरून मारलेलं पाणी वळचणीवरून खाली पडतं आणि आत आग तशीच. त्यामुळे दाराशी उभं राहून खालून मारायचं. आग आढ्याकडे चढते, म्हणून आधी वरची न पेटलेली पट्टी भिजवायची, मग पेटलेली जागा. दुसऱ्याने बांबूला बांधलेल्या आकड्याने तेवढं गवत बाहेर ओढून जमिनीवर भिजवायचं. कूलर सुरू असेल तर पाण्याआधी मेन स्विच बंद. आग दोन-तीन हातांपलीकडे गेली असेल तर आत पाऊल टाकू नये. माणसं-जनावरं बाहेर, आणि १०१.

घेताना आयएस १५६८३ लिहिलेला आयएसआय शिक्का, न तुटलेलं सील आणि दाबमापकाचा हिरव्या पट्ट्यातला काटा बघा. टांगायचा दाराबाहेर, सावलीत. चुलीजवळ टांगला तर ऐन वेळी तिथवर हातच पोचत नाही, आणि मे महिन्याच्या ४५ अंशांच्या उन्हात नळी तडकते. बोअरचं खारं पाणी भरू देऊ नका, टाकी आतून गंजते.

उणिवाही आहेत. भरलेला सिलिंडर चांगला जड, म्हाताऱ्या माणसांना उचलवत नाही. एकदा वापरला की दाब दुकानातच भरून आणावा लागतो. शिवाय ९ लिटर म्हणजे जेमतेम एक बादली. पेटतं छप्पर तेवढ्याला दाद देत नाही, म्हणून बाजूला २०० लिटरचा भरलेला ड्रम हवाच. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी ड्रम, बादल्या आणि आकडा घ्या. सिलिंडर पुढच्या हंगामात.