‘द वॉर्स ऑफ द रोझेस’चा डीव्हीडी संच: पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांची रंगभूमी पाहायची असेल तर

आपल्याकडचा प्रेक्षक ब्रिटिश अभिनेत्री पेगी अ‍ॅशक्रॉफ्ट यांना ओळखतो तो प्रामुख्याने डेव्हिड लीन यांच्या ‘अ पॅसेज टु इंडिया’ या 1984 सालच्या चित्रपटातल्या मिसेस मूरमुळे. त्या भूमिकेसाठी सहायक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले तेव्हा त्या 77 वर्षांच्या होत्या. ‘द ज्वेल इन द क्राउन’ या मालिकेतली त्यांची बार्बी बॅचलर हीसुद्धा त्याच वर्षातली. या दोन्ही भूमिका उत्तम आहेत, पण त्या पाहून अ‍ॅशक्रॉफ्ट म्हणजे थकलेल्या, सोशिक, सहृदय वृद्धांच्या भूमिका करणारी अभिनेत्री असा जो समज होतो, तो अत्यंत अपुरा आहे. तो दूर करायचा असेल तर बीबीसीने 1965 साली प्रसारित केलेल्या आणि 2016 मध्ये इल्युमिनेशन्स या संस्थेने डीव्हीडीवर आणलेल्या ‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ या संचाइतके चांगले साधन मला दुसरे माहीत नाही.

1907 साली क्रॉयडन येथे जन्मलेल्या अ‍ॅशक्रॉफ्ट 1926 मध्ये बर्मिंगहॅमच्या रंगमंचावर प्रथम उभ्या राहिल्या. 1930 मध्ये लंडनच्या सॅव्हॉय थिएटरात पॉल रोबसन यांच्या ऑथेल्लोसमोर त्यांनी डेस्डेमोना केली. एका कृष्णवर्णीय नटासोबत गोऱ्या नटीने ही भूमिका करावी, याचा राग धरून त्यांना द्वेषाने भरलेली पत्रे आली. 1935 मध्ये जॉन गिलगुड आणि लॉरेन्स ऑलिव्हिए आलटून पालटून रोमिओ आणि मर्क्युशिओ करत असलेल्या गाजलेल्या प्रयोगात ज्युलिएट त्यांची होती. त्याच वर्षी हिचकॉक यांच्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’मध्ये त्या शेतकऱ्याच्या बायकोच्या छोट्याशा भूमिकेत दिसल्या. ते काही मिनिटांचे काम आजही मनात राहते, तरीही त्यानंतर कित्येक दशके चित्रपटाने त्यांना आणि त्यांनी चित्रपटाला फारसे जवळ केले नाही. नॉर्वेजियन नाटककार इब्सेन यांच्या नाटकातल्या 1954 सालच्या ज्या हेडा गाब्लरसाठी नॉर्वेच्या राजाने त्यांना गौरवले, ती आता केवळ त्या काळच्या परीक्षणांतून आणि छायाचित्रांतून कल्पनेने उभी करावी लागते. म्हणूनच त्यांचे एक मोठे रंगमंचीय काम अथपासून इतिपर्यंत पाहता येणे हे मला फार मोलाचे वाटते.

‘द वॉर्स ऑफ द रोझेस’ हे शेक्सपिअरच्या ‘हेन्री सहावा’च्या तीन भागांचे आणि ‘रिचर्ड तिसरा’चे, पीटर हॉल आणि जॉन बार्टन यांनी सिद्ध केलेले तीन नाटकांचे रूप. लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांत इंग्लंडच्या गादीसाठी झालेली युद्धे हा त्याचा विषय. 1963 मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने ते स्ट्रॅटफर्ड येथे सादर केले. चित्रीकरण स्टुडिओत न करता, त्याच नाट्यगृहात रंगमंच प्रेक्षागाराच्या बाजूने पुढे वाढवून केले गेले, आणि या निर्णयाचा फायदा पदोपदी जाणवतो. कॅमेरा नटांमध्ये वावरतो, तरीही नट पूर्ण रंगमंचाच्या मापाने बोलतात आणि चालतात. जॉन बरी यांच्या पोलादी नेपथ्याची कठोरता कृष्णधवल चित्रणात अधिकच उठून दिसते.

आंजूची मार्गारेट, म्हणजे राजा हेन्री सहावा याची राणी, हे चारही मूळ नाटकांत जिवंतपणी वावरणारे एकमेव पात्र. पन्नाशी ओलांडलेल्या अ‍ॅशक्रॉफ्ट येथे प्रथम येतात त्या फ्रान्सहून युद्धकैदी म्हणून हाती लागलेली तरुण राजकन्या होऊन. रंगमंचाच्या अंतरावरून जे सहज खपून गेले असेल ते कॅमेऱ्यापुढे खपत नाही, आणि पहिल्या काही क्षणांत चेहऱ्यावरचे वय दिसते हे मान्य केले पाहिजे. मात्र चालीतली लगबग, मान वळवण्यातला अधीरपणा आणि उच्चारातली फ्रेंच छटा यांतून त्या हे तारुण्य असे उभे करतात की थोड्याच वेळात वयाचा विचार मागे पडतो. तिचा प्रियकर असलेला सरदार सफक याच्या निरोपाच्या प्रसंगात या स्त्रीला प्रेम करता येते हे आपल्याला पटते. पुढचे क्रौर्य समजण्यासाठी ते पटणे आवश्यकच आहे.

गादीवर हक्क सांगणाऱ्या आणि आता पकडलेल्या यॉर्कला मातीच्या ढिगाऱ्यावर उभे करून, त्याच्या लहान मुलाच्या रक्तात भिजवलेला रुमाल त्याच्यापुढे धरणारी आणि त्याच्या डोक्यावर कागदी मुकुट ठेवणारी मार्गारेट हा या संचाचा कळस आहे. डोनाल्ड सिंडेन यांचा यॉर्क ज्या तोलाने उत्तर देतो, त्यामुळे हा प्रसंग एकतर्फी राहत नाही. अ‍ॅशक्रॉफ्ट यांचे मोठेपण असे की त्या मार्गारेटला निव्वळ राक्षसीण करत नाहीत. तिचा उपहास हळूहळू तिच्याच ताब्यातून सुटत जातो आणि वर्षानुवर्षे साचलेली अपमानाची व पराभवाची भीती त्या हसण्यातून बाहेर पडू लागते. ‘रिचर्ड तिसरा’मध्ये ती परत येते तेव्हा राज्य, नवरा, मुलगा सारे गेलेले असते आणि उरलेली असते फक्त शाप देण्याची शक्ती. ते शाप अ‍ॅशक्रॉफ्ट आरडाओरडा न करता, जुन्या हिशेबाची वही वाचून दाखवावी तशा शांतपणे उच्चारतात, त्यामुळे ते खरे होणार याविषयी ऐकणाऱ्याला शंका राहत नाही.

डेव्हिड वॉर्नर यांचा कोवळा, हतबल हेन्री आणि इयन होम यांचा थंड डोक्याचा रिचर्ड यांच्यावर स्वतंत्रपणे लिहायला हवे, इतकी ती कामे चांगली आहेत.

उणिवाही आहेत. ध्वनिमुद्रणाला त्याच्या काळाच्या मर्यादा आहेत आणि लढायांच्या गदारोळात काही ओळी निसटतात. बार्टन यांनी मूळ मजकुरात मोठी काटछाट केली आणि हजाराहून अधिक ओळी स्वतः रचून घातल्या, त्यामुळे हातात शेक्सपिअरची संहिता घेऊन पाहणाऱ्याचा वारंवार गोंधळ होईल. त्याऐवजी लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांची वंशावळ जवळ ठेवणे अधिक उपयोगी ठरते. संच परदेशातून मागवावा लागणार असल्याने आपल्या प्लेअरचा रीजन कोडही (कोणत्या प्रदेशातल्या डीव्हीडी त्यावर चालतात हे ठरवणारा) आधी तपासून घ्यावा.

तिन्ही भाग दीर्घ आहेत आणि ते सलग पाहण्याचा हट्ट धरू नये, पण क्रम मात्र मोडू नये. अनेक जण परिचित नाव म्हणून थेट ‘रिचर्ड तिसरा’ लावतात. तसे केले तर मार्गारेटची ती अखेरची शापवाणी एका अनोळखी म्हातारीची बडबड वाटण्याचा धोका आहे. ज्यांच्यापाशी एकच संध्याकाळ असेल त्यांनी ‘एडवर्ड चौथा’ हा मधला भाग निवडावा, कारण यॉर्कचा प्रसंग त्यातच आहे.