जुन्या डॉब्सोनियनच्या रंगाची डागडुजी : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

टच-अप पेंटच्या बाटलीच्या झाकणाला आतून जो ब्रश असतो, तो वापरू नका. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचून गेलात तरी चालेल. दुर्बिणीच्या ट्यूबवरचे टवके भरायला निघालेल्या माणसाचं काम बिघडतं ते रंगामुळे नाही, प्रायमरमुळे नाही, त्या ब्रशमुळे. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिते, कारण इतक्या महिन्यांत मला सगळ्यात जास्त छळलंय ते त्यानेच.

दुर्बीण आठ इंची डॉब्सोनियन, म्हणजे जमिनीवरच्या साध्या बेसवर फिरणारी आरशाची दुर्बीण. एफ/६ (फोकल लेंग्थ आरशाच्या व्यासाच्या साधारण सहापट), फोकल लेंग्थ १२०० मिमी. स्टीलच्या पत्र्याची ट्यूब, काळा रंग आणि उन्हात धरली की त्यात बारीक चमचम. कोणती ते ओळखणाऱ्यांनी ओळखलं असेल. गेल्या दिवाळीनंतर सहकारनगरच्या एका काकांकडून घेतली. त्यांना आता जिन्यावरून एवढं धूड वरखाली नेणं जमत नाही, म्हणून विकायला काढली होती. आरसा चांगला, फोकसर (प्रतिमा स्पष्ट करायला पुढेमागे सरकणारी नळी) घट्ट, कोलिमेशनचे, म्हणजे आरसे एका रेषेत जुळवायचे स्क्रू नीट फिरणारे. (जुनी दुर्बीण बघायला जाल तेव्हा समोरून टॉर्च मारून आरसा पाहू नका. तशा उजेडात नवाकोरा आरसासुद्धा धुळीने भरलेला दिसतो.) रंग मात्र जागोजागी गेलेला. फाइंडरच्या (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीच्या) पायाशी अंगठ्याच्या नखाएवढा टवका, मागच्या कडेला ट्यूब फरशीवर उभी करून करून उडालेले कोपरे, आणि पोटाखाली लांबच लांब ओरखडे. ते लोहचुंबकाचे. जड आयपीस (डोळा लावायचं भिंग) लावला की ट्यूबचं तोंड खाली जातं, म्हणून तोल साधायला बरेच जण मागच्या बाजूला चुंबक चिकटवतात. पत्रा स्टीलचा असल्यामुळे ते छान बसतात. पण चुंबक उचलून ठेवण्याऐवजी सरकवला, की खाली अडकलेला धुळीचा कण रंग खरवडत जातो. तुमच्याकडे चुंबक असतील तर त्यांना खालून फेल्ट चिकटवा आणि जागा बदलताना उचलून ठेवा. या टवक्यांवर बोट ठेवून मी काकांकडून किमतीत बऱ्यापैकी सूट मिळवली होती.

हिवाळाभर मला वाटत होतं की रंगाला हात लावायचं काही कारण नाही. बाहेरचा रंग गेल्याने प्रतिमेत तसूभरही फरक पडत नाही. मृगातला तेजोमेघ तसाच दिसतो, गुरूचे पट्टे तसेच दिसतात. हौशी आकाशप्रेमींची ज्योतिर्विद्या परिसंस्था पुण्यात १९४४ पासून आहे, त्यामुळे या शहरात जुन्या दुर्बिणी हातोहात फिरतात आणि घेणारा आरशाबद्दल विचारतो, रंगाबद्दल नाही. माझंही तेच मत होतं.

मत बदललं ते पानशेतच्या बाजूला. धरणाजवळची रात्र, मध्यरात्रीनंतर दव असं पडलं की ट्यूबवरून थेंब ओघळायला लागले. पहाटे पांढऱ्या फडक्याने पुसून घेतली, तर फडक्यावर तपकिरी डाग. फाइंडरच्या पायाशी उघडा पडलेला पत्रा गंजायला लागला होता. टवक्याच्या कडेला नख लावलं तर शेजारचा धडधाकट दिसणारा रंगही सुटून आला. गंज रंगाखालून पुढे सरकतो, वरून कळतही नाही. फेब्रुवारीत ही गत, तर जून ते सप्टेंबर पुण्याच्या हवेत काय होईल? ज्यांच्यावरून या दुर्बिणीला नाव पडलं त्या जॉन डॉब्सन यांनी आपल्या दुर्बिणींना काँक्रीटचे खांब ओतायच्या पुठ्ठ्याच्या नळ्या वापरल्या. तिथे हा प्रश्नच नव्हता. आपल्या हातात स्टील आलंय, तर स्टीलची काळजी घ्यायला हवी.

म्हणून आधी गाड्यांना रंग मारणाऱ्या एका गॅरेजात गेले. तिथले दादा म्हणाले, "ताई, असं ठिपका ठिपका मारून काही होत नाही. अख्खा पाइप मारून घ्या, साडेचार हजारात नवा करून देतो." आरसे काढावे लागतील म्हटलं, तर म्हणे, "कशाला काढता? कागद लावू ना तोंडाला." स्प्रेचा बारीक फवारा फटीफटीतून आत जातो. अॅल्युमिनियमचा लेप दिलेल्या आरशावर रंगाचे कण बसले की ते पुसून निघत नाहीत, आणि पुसायला जाल तर लेपच जाईल. ऐकूनच जीव खालीवर झाला. त्यात साडेचार हजार म्हणजे काकांनी दिलेल्या सुटीपेक्षा जास्त. ज्या टवक्यांमुळे चार पैसे वाचले, त्यांच्यावरच ते परत घालवायचे? मी नमस्कार करून निघाले.

माझे बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होते. त्यांनी ट्यूब पाहिली आणि म्हणाले, "रंग जुळवायच्या मागे लागू नकोस. आधी पत्रा बंद कर. आणि जे करायचं ते मे महिना संपायच्या आत कर, पावसाळ्यात बाटली उघडायची नाही." पावसाळ्याचं कारण असं, की टच-अपच्या रंगातला, म्हणजे लॅकरमधला थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार करतो. हवा दमट असली की त्या गार रंगावर बाष्प जमतं, आत अडकतं आणि काळ्या रंगावर पांढुरकी झाक येते. पुण्यात हे काम एप्रिल-मेच्या कोरड्या दुपारी करावं.

रंग जुळवायच्या मागे मी तरीही लागले. नाना पेठेत गाड्यांच्या रंगाच्या दुकानात शेडकार्ड घेऊन बाहेर उन्हात उभी राहिले. ह्युंदाईचा फँटम ब्लॅक जवळ वाटला, पण त्यातली चमचम जास्त बारीक होती. ट्यूबवरचा कण ठळक. शेवटी दोन छोट्या बाटल्या घेतल्या, एक मेटॅलिक काळी आणि एक साधी चकचकीत काळी. बोहरी आळीतून करड्या प्रायमरचा डबा, ४००, १००० आणि २००० नंबरचा पाणी पेपर (ओला करून घासायचा सँडपेपर), गंज जागीच थोपवणारं रस्ट कन्व्हर्टर आणि पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल. रेड ऑक्साईड प्रायमर सगळीकडे मिळतो आणि स्वस्तही आहे, पण काळ्या रंगाखालून त्याचा तांबडा काठ डोकावतो, म्हणून करडा प्रायमरच घ्या.

काम असं केलं. आधी ट्यूब आडवी ठेवली. जुनी दुर्बीण उघडताना ती उभी असता कामा नये, स्क्रू किंवा पेचकस निसटला तर थेट मुख्य आरशावर जातो. मागच्या सेलची, म्हणजे मुख्य आरसा धरणाऱ्या चौकटीची जागा पेन्सिलने खूण करून ठेवली, कडेचे स्क्रू काढले, सेल आरशासकट बाहेर काढून झाकणाच्या डब्यात बंद केला. पुढचा छोटा दुय्यम आरसाही काढला. यातलं काही अवघड नाही. नंतर कोलिमेशन करावं लागतं, पण ते आपण एरवीही करतोच.

मग टवक्याची कड. जो रंग सुटलाय तो सुटूच द्यायचा. नखाने, प्लॅस्टिकच्या कार्डाच्या कोपऱ्याने, जेवढा निघेल तेवढा काढायचा. गंज ४०० च्या पेपरने घासला, कड १००० ने उतरती केली. ही उतरती कड फार महत्त्वाची, बोट फिरवल्यावर पायरी लागता कामा नये. पेपर मोठा धरला तर आजूबाजूचा चांगला रंग खराब होतो, म्हणून बाबांनी पेन्सिलीच्या मागच्या रबराला पेपरची गोल टिकली चिकटवून दिली. ती टवक्याच्या आतच फिरते. रस्ट कन्व्हर्टर लावल्यावर गंजाची छिद्रं काळी पडली. वाळल्यावर अल्कोहोलने पुसून घेतलं. रॉकेलने पुसू नका, त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि रंग धरत नाही. एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनरनेही शक्यतो नाही. वापरायचाच असेल तर मूळ रंगाला तो झेपतो का हे आधी मागच्या कडेला, जिथे कुणी बघत नाही तिथे तपासा. नाहीतर रंग सुरकुततो.

आता ब्रश. या बाटल्या गाडीच्या दारावरच्या ओरखड्यासाठी बनवलेल्या. झाकणाच्या ब्रशचे केस जाड, टोकाला फाकलेले, आणि दांडीवरून रंग ओघळत टोकाशी येतो. टवका तिळाएवढा आणि ब्रश घेतो एवढा रंग की थेंब टवक्याच्या बाहेर पसरून वर उभा राहतो. काठ आधी वाळतो, मध्य ओला राहतो, आणि वाळल्यावर मधोमध खड्डा आणि कडेने गोल कंगोरा. हा कंगोरा तिरप्या उजेडात टवक्यापेक्षा जास्त दिसतो. बरं, ब्रश बारीक करावा म्हणून केस कापले तर उरलेले आणखी ताठ होतात. बाटलीचे पैसे घेताना दुकानदार रंगाची तारीफ करतो, शेड जुळवून देतो, कोड विचारतो, पण या कामाला लागणारं एकमेव हत्यार जे बाटलीत दिलंय ते निरुपयोगी आहे. रंग बनवणाऱ्यांना इतका चांगला रंग जमतो, तर दोन रुपयांचा बारीक ब्रश का जमू नये, हे मला अजून कळलेलं नाही. मला याचा खरोखर राग आहे.

उपाय दातकोरणं. लाकडी, टोकदार. टोक रंगात नुसतं टेकवायचं, बाटलीच्या काठावर निपटायचं, आणि टवक्याच्या मधोमध स्पर्श करून सोडून द्यायचं. रंग आपोआप कडेपर्यंत जातो आणि थांबतो. हात फिरवायचा नाही. पहिला थर पत्रा जेमतेम झाकतो, तो तसाच राहू द्यायचा. वाळला की दुसरा, मग तिसरा, जोवर भरलेला भाग शेजारच्या रंगापेक्षा केसभर वर येत नाही तोवर. प्रायमरही असाच लावला. लांब ओरखड्यांसाठी मात्र चित्रकलेचा ००० नंबरचा ब्रश हवा, तिथे दातकोरणं पुरत नाही. तुळशीबागेच्या आसपास स्टेशनरीच्या दुकानात सहज मिळतो.

मेटॅलिक आणि साधा, यातलं माझं मत मध्येच उलटं झालं. सुरुवातीला मेटॅलिकच घ्यावा असं मी छातीठोक सांगितलं असतं. फाइंडरच्या पायाशी मेटॅलिक भरला, तर तिथे चमचमच नाही, नुसता मळकट गडद डाग. बाबांनी कारण सांगितलं : स्प्रेने मारताना धातूचे कण पृष्ठभागाला समांतर आडवे बसतात आणि उजेड परतवतात. टेकवून लावलेल्या थेंबात ते वेडेवाकडे, काही उभे राहतात, काही तळाशी जातात. बाटली कितीही हलवा. शिवाय मेटॅलिकवर वरून क्लिअर लॅकरचा थर द्यावाच लागतो, म्हणजे आणखी एक बाटली. बाकीच्या सगळ्या जागी मी साधा काळा वापरला आणि तो हाताच्या अंतरावरून शोधावा लागतो. मेटॅलिकची बाटली माझ्या मते वाया गेलेला खर्च. तुम्ही घेऊ नका.

घाई फक्त एका गोष्टीची करू नका, ती म्हणजे पॉलिशची. लॅकर हाताला लगेच कोरडा लागतो, पण आतून पक्का व्हायला बराच वेळ घेतो. मी ट्यूब मोकळ्या हवेत ठेवून दिली आणि मगच २००० चा पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून उंचवटे उतरवले, वरून रबिंग कंपाउंड (चकाकी आणायची घासणी पेस्ट). थिनरचा वास पूर्ण जाईपर्यंत आरसे परत बसवले नाहीत. त्याची वाफ बंद ट्यूबमध्ये आरशावर बसायला नको.

एका टवक्याबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण तो नुसता दिसण्यापुरता प्रश्न नव्हता. फोकसरच्या समोरच्या बाजूला, ट्यूबच्या आत, पत्रा उघडा पडला होता आणि चकाकत होता. आयपीसमधून डोळा जिथे बघतो त्याच्या बरोबर मागची जागा ती. इथे चकचकीत रंग अजिबात चालत नाही. ब्लॅकबोर्ड पेंट, म्हणजे शाळेच्या फळ्याचा मॅट काळा, लावला. पौर्णिमेच्या आसपास चंद्राच्या कडेने जो धुरकट उजेड जाणवायचा तो कमी झाला. बाहेरचे टवके भरायचे की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, पण आतला टवका दिसला तर त्याच दिवशी भरा.

आता पावसाळ्यानंतरची अवस्था. दुर्बीण पावसाळाभर घरात, हॉलच्या कोपऱ्यात, ट्यूबच्या तोंडाला झाकण आणि आत सिलिका जेलच्या पुड्या. मधून मधून उघडीप मिळाली की गच्चीवर नेली. पाऊस ओसरल्यावर शनीसाठी मुळशीकडे नेली आणि तिथे पुन्हा भरपूर दव बसलं. पांढऱ्या फडक्याने पुसली, फडकं स्वच्छ. मला इतका आनंद झाला की घरी येऊन बाबांना ते फडकंच दाखवलं. चुंबकाच्या ओरखड्यांवर कुठेही फुगवटा नाही, फाइंडरच्या पायाशीही नाही. फक्त मागच्या कडेचा एक कोपरा पुन्हा उडालाय. तिथे ट्यूब टेकतेच, कुठलाही टच-अप टिकणार नाही. त्या कडेला आता रबराची पट्टी लावली आहे.

सगळा खर्च धरून हजाराच्या आत काम झालं, त्यातही मेटॅलिक बाटली आणि उरलेला प्रायमर धरलाय. रंगाला पाचपैकी साडेचार, कामाच्या टिकाऊपणाला पाच, ब्रशला शून्य.

जवळूनही सगळं एकजीव दिसावं अशी अपेक्षा असेल तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही, उन्हात जवळून बघितलं तर जागा कळतात. मेटॅलिक भरलेला तो एक डाग अजून डोळ्यात खुपतो. तो खरवडून साध्या काळ्याने भरायचा आहे, पण हवा कोरडी झाल्यावर. तोवर बेसकडे बघायचं आहे. पार्टिकल बोर्डच्या खालच्या कडेची पट्टी दवाने सुटायला लागलीय आणि आत पाणी गेलं की तो बोर्ड फुगतो, मग काही केल्या पूर्ववत होत नाही. पट्टी पुन्हा चिकटवून कडेला पॉलियुरेथेन वॉर्निशचा हात मारणार आहे. तुमच्या डॉब्सोनियनचा बेस आजच उलटा करून ती कड बघा.