जपानात लाकडी घर: फुकुओका की हामामात्सु?

जपानात घर म्हणजे बहुतेकांचं दुमजली लाकडीच, आणि २००० च्या कडक नियमांनंतरचं घ्या, जमलं तर भूकंपाची ग्रेड ३, म्हणजे सगळ्यात वरची श्रेणी बघा, हे तुम्हाला एव्हाना सगळ्यांनी सांगून झालं असेल. आम्ही फुकुओका आणि शिझुओका प्रांतातलं हामामात्सु, दोन्हीकडे घरं बघितली.

फुकुओका पटकन मनात भरतं. विमानतळ शहरातच, आणि लाकडी घराचा भूकंप विमा शिझुओकाच्या एक तृतीयांशसुद्धा नाही.

मला खटकला तो ०.८. जपानात भागाप्रमाणे भूकंपाचा गुणक ठरलेला आहे, टोकियोला १.०, फुकुओकाला ०.८, म्हणजे कॅल्क्युलेशनमध्ये भूकंपाचा जोर वीस टक्के कमी धरायची कायद्यानेच मुभा. शिझुओकाने उलट स्वतःचा १.२ ठरवला आणि २०१७ पासून सक्तीचा केला. ग्रेड ३ म्हणजे दीडपट ताकद हो, पण कशाच्या दीडपट? ०.८ च्या असेल तर हातात १.५ नाही, १.२ च येतात. फुकुओकाच्या सेल्समनला हेच विचारलं तर "ग्रेड ३ आहे, काळजी नको", परत विचारलं तर फाइल चाळून प्लॅनचंच पान पुढे केलं, मग ऑफिसला विचारून कळवतो म्हणाला, ते काही कळवलं नाही. हामामात्सुत मी तोंड उघडायच्या आत माणसाने कॅल्क्युलेशनच्या शीटवरच्या १.२ वर बोट ठेवलं आणि कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी लोखंडी होल्डडाउन (खांब पायाला घट्ट धरून ठेवणारे) कुठे कुठे येणार तेही दाखवलं.

आता फुकुओकाची घरं कच्ची असं मी म्हणत नाहीये. साध्या दुमजली घराला कायद्यापुरता नुसता किती भिंती लागतात याचा हिशोब केला तर हा गुणक त्यात येतच नाही, आणि चांगले बिल्डर १.० धरूनही करून देतात. पण कुमामोतोजवळच्या माशिकीचा गुणक ०.९ होता आणि २०१६ च्या एप्रिलमध्ये दोन दिवसांच्या आत तिथे दोनदा शिंदो ७, म्हणजे जपानच्या हादऱ्याच्या मापातला सगळ्यात वरचा धक्का बसला. फुकुओकातही २००५ ला ७.० तीव्रतेचा भूकंप झालाच की, आणि केगो फॉल्ट तर शहराखालूनच जातो.

हामामात्सुला नानकाईची, म्हणजे समुद्रातल्या नानकाई खंदकात अपेक्षित असलेल्या महाभूकंपाची टांगती तलवार आहे, समुद्राच्या बाजूला मी स्वतः घेतलं नसतं, विमा दरवर्षी टोचतो. तरी आम्ही तिथेच घेतलं, कारण तिथे भूकंप येणार हे धरूनच सगळे बोलतात.

फुकुओकाच हवं असेल तर खुशाल घ्या, फक्त गुणक १.० धरून ग्रेड ३ चं कॅल्क्युलेशन करून द्या असं सही करायच्या आधी लेखी मागा.