आल्डी : गल्ल्यावरच्या बाईने बघितलेलं दुकान

अकरा वर्षं मी एका मोठ्या साखळी दुकानात गल्ल्यावर काढली. त्यामुळे कुठेही शिरले की नजर मालावर जायच्या आधी काउंटरवर जाते. आल्डी ही स्वस्त किराण्याची जर्मन साखळी. तिथली गल्ल्यावरची मुलगी खुर्चीवर बसून बिलं करत होती. इथेच दुकानाला अर्धे मार्क! आम्हाला आठ-आठ तास उभं ठेवायचे. बसलेलं माणूस गिऱ्हाइकाला आळशी वाटतं म्हणे.

मग एक पाकीट उचलून उलटंपालटं केलं. बारकोड कोपऱ्यात चिकटवलेला नव्हता. चांगला लांबलचक, आणि एकाहून जास्त बाजूंना. कसंही सरकवा, ‘टिक्’ होणारच. बारकोड शोधत पाकिटं फिरवून फिरवून माझं मनगट कायमचं धरलंय, त्यामुळे ही गोष्ट मला दागिन्यासारखी दिसली. गंमत म्हणजे याच कंपनीने जर्मनीत स्कॅनर आणले ते फार उशिरा, २००० सालच्या आसपास. तोवर गल्ल्यावरची माणसं किमती नाहीतर मालाचे नंबर पाठ करून बटणं बडवत.

माल मोजका असला तरच हे जमतं. मोठ्या सुपरमार्केटात तीस-तीस हजार प्रकारच्या वस्तू असतात, इथे दीड-दोन हजार. एका गोष्टीचे एक-दोन प्रकार, तेही बहुतेक घरच्याच ब्रँडचे. खोक्याचं तोंड फाडायचं आणि खोकंच शेल्फवर सरकवायचं. एकेक डबा मांडत बसणं नाही. तुम्हाला अमुकच ब्रँड लागत असेल तर इथे पाय ठेवू नका, चिडचिड होईल.

जर्मनीतल्या एसेन शहरातलं आईचं दुकान कार्ल आणि थिओ अल्ब्रेख्त या भावांनी वाढवलं. सिगारेट विकायची की नाही यावरून १९६०च्या सुमारास त्यांच्या वाटण्या झाल्या, आणि उत्तर व दक्षिण अशा दोन कंपन्या आजही वेगळ्याच आहेत. वॉलमार्टची वर्षाची उलाढाल ६०० अब्ज डॉलरच्या वर. तिच्यापुढे आल्डी लहानच. पण त्याच वॉलमार्टच्या अंगणात, अमेरिकेत, २०२८ अखेरपर्यंत आणखी ८०० दुकानं काढायचं आल्डीने २०२४मध्ये जाहीर केलं. त्यातली काही विकत घेतलेली दुकानं बदलून.

बिल झाल्यावर पिशव्या भरत रेंगाळायला काउंटरपाशी जागाच ठेवलेली नाही. माल थेट ट्रॉलीत टाकायचा आणि बाजूच्या फळीवर जाऊन निवांत भरायचा. वेग त्यातूनच येतो. मला वाटलं, आपण या धंद्यातल्या, आपल्याला जमेल. कसलं काय! पहिल्या चार वस्तूंतच मी मागे पडले.

शेवटचं पाकीट मी सवयीने बारकोड तिच्याकडे करून ठेवलं. तिने न बघताच सरकवलं.